आधी ऐकावे लागते
(प्रस्तावना)

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेतून ज्यू समाजाविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना लिहिली जावी, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमच्या भागात सिनेगॉग नाही. महाराष्ट्रातले ज्यू राहतात ते रायगडच्या किनाऱ्यावर, मुंबई-ठाण्यात आणि पुण्यात. विदर्भातल्या वाचकाला ते भेटतात ते बहुधा पुस्तकांतून, जुन्या चित्रपटांतून किंवा जागतिक बातम्यांतून. पण विसाव्या शतकात ज्यूंच्या दुःखाविषयी जगभर जी मोठी वादचर्चा झाली, तिच्यातला एक मुख्य लेख आमच्या अगदी जवळ लिहिला गेला. वर्ध्यापासून जेमतेम आठ किलोमीटरवरच्या सेवाग्रामला तेव्हा शेगाव म्हणत. तिथे २० नोव्हेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींनी ज्यूंवरचा आपला लेख पूर्ण केला आणि २६ नोव्हेंबरच्या ‘हरिजन’च्या अंकात तो छापून आला.

लेख पूर्ण होण्याच्या दहा-बारा दिवसच आधीची गोष्ट. ९ आणि १० नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीत आणि ऑस्ट्रियात शेकडो सिनेगॉग जाळले गेले, ज्यूंच्या दुकानांच्या काचांचा रस्तोरस्ती खच पडला आणि सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत नेले गेले. गांधींना ज्यू परके नव्हते. दक्षिण आफ्रिकेतले त्यांचे निकटचे सहकारी हेन्री पोलाक, सोन्या श्लेसिन आणि हर्मन कॅलनबाख हे तिघेही ज्यू होते. तिथल्या टॉलस्टॉय फार्म या आश्रमाची जमीन कॅलनबाखांनीच दिली होती. बर्लिनमधली नोकरी गमावलेल्या मार्गारेट स्पीगल या ज्यू शिक्षिका १९३३ साली भारतात आल्या, तेव्हा गांधींनी त्यांना आश्रमात घेतले आणि ‘अमला’ हे नाव दिले. त्यामुळे त्यांच्या लेखात ज्यूंविषयी खरी कळकळ आहे. ख्रिस्ती जगाने ज्यूंना जसे वागवले, ते हिंदूंनी अस्पृश्यांना वागवल्यासारखेच आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. मानवतेसाठी एखादे युद्ध कधी न्याय्य ठरू शकलेच असते, तर ते जर्मनीविरुद्धचे ठरले असते, असेही लिहिले. पण युद्धावर त्यांची श्रद्धा नव्हती. म्हणून त्यांनी जर्मनीतल्या ज्यूंना सल्ला दिला की त्यांनी सत्याग्रह करावा आणि मरण आले तर तेही आनंदाने पत्करावे. पॅलेस्टाइन अरबांचे आहे, हेही त्याच लेखात त्यांनी ठामपणे मांडले.

या लेखाला मुंबईतून ‘ज्यूइश अॅडव्होकेट’चे संपादक ए. ई. शोहेट यांनी उत्तर दिले. जेरुसलेमहून दोन पत्रे निघाली. पहिले २४ फेब्रुवारी १९३९ चे, तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांचे. दुसरे दोन दिवसांनंतरचे, हिब्रू विद्यापीठाचे प्रमुख जूडा मॅग्नेस यांचे. हे दोघेही अरबांशी समेट व्हावा म्हणून झटणारे होते, गांधींना मानणारे होते. बुबर तर वर्षभरापूर्वीच जर्मनी सोडून आले होते. बुबर यांचे म्हणणे थोडक्यात असे. दक्षिण आफ्रिकेतल्या दीड लाख हिंदी लोकांच्या पाठीशी वीस कोटींहून अधिक लोकांचा देश उभा होता. ज्यूंच्या पाठीशी कोण आहे? ज्याचे हौतात्म्य पाहायला कुणी साक्षीदारच उरू दिला जात नाही, त्याने सत्याग्रह कुणापुढे करायचा? या पत्रांना गांधींचे उत्तर उपलब्ध नाही. २३ जुलै १९३९ रोजी त्यांनी हिटलरला पत्र लिहून युद्ध टाळण्याची विनंती केली. ब्रिटिश सरकारने ते पत्र पुढे जाऊ दिले नाही. पुढच्या सहा वर्षांत साठ लाख ज्यू मारले गेले.

गांधींचा दोष काढणे हा या प्रस्तावनेचा हेतू नाही. त्या काळी जगातल्या किती पुढाऱ्यांनी ज्यूंविषयी एक शब्द तरी लिहिला? गांधींनी लिहिला, आणि स्वतःच्या जिवावर पारखलेले जे शस्त्र त्यांच्याजवळ होते तेच त्यांनी दुसऱ्याला देऊ केले. तरीही त्या पत्रव्यवहारातून एक प्रश्न उरतो आणि या पुस्तकाच्या मुळाशी तोच आहे. दुसऱ्याच्या दुःखाजवळ आपण कसे जावे?

ज्यू धर्मात याला एक नेमके उत्तर आहे. घरात मृत्यू झाला की दफनानंतर सात दिवस जवळचे नातेवाईक घरीच बसतात. या काळाला ‘शिव्हा’ म्हणतात. ते खाली किंवा बुटक्या आसनावर बसतात, अंगावरच्या वस्त्राला फाडलेली एक चीर असते, आणि भेटीला येणारे जेवण घेऊन येतात, कारण शोक करणाऱ्याने पहिले अन्न स्वतःचे खायचे नसते. भेटीला आलेल्याने आपण होऊन बोलायला सुरुवात करायची नाही, हा त्यातला महत्त्वाचा नियम. शोक करणारा बोलेल तेव्हा बोलायचे, तो गप्प असेल तर गप्प बसायचे. या रीतीचे मूळ बायबलमधल्या ईयोबाच्या कथेत सांगितले जाते. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाजवळ त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री मुकाट बसून राहिले. ते चुकले ते नंतर, जेव्हा त्यांनी तोंड उघडून त्याच्या दुःखाचे कारण आणि त्यावरचा उपाय त्यालाच समजावून सांगायला सुरुवात केली.

१९३८ चा लेख मी या नियमाच्या उजेडात वाचतो. कॅलनबाख १९३९ साली शेगावात गांधींबरोबर राहत होते. अहिंसा त्यांना बुद्धीने पटत होती, पण हिटलरसाठी प्रार्थना करणे त्यांना जमत नव्हते. गांधींनी ही गोष्ट ‘हरिजन’मध्ये प्रांजळपणे नोंदवली आणि आपल्या मित्राशी त्यावरून भांडण मांडले नाही. त्या साऱ्या चर्चेत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही नोंद. आश्रमात रोज दोन वेळा प्रार्थना होई. तिथे एका माणसाने ‘हे माझ्याच्याने होत नाही’ म्हटले आणि ते ऐकून घेतले गेले.

ज्यू माणूस मराठी वाचकाला परदेशातून आणून दाखवावा लागत नाही. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली आप्तांची प्रेते त्यांनी तिथेच पुरली, आणि नवगावची ती जागा आजही पवित्र मानली जाते. म्हणजे या समाजाची मराठी भूमीवरची पहिली आठवण दफनाची आहे. पोथ्या बुडाल्या होत्या. उरले ते काही विधी, शब्बाथचा म्हणजे शनिवारचा विसावा आणि ‘शमा’ ही एकेश्वराची प्रार्थना. तेल गाळण्याचा धंदा करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. गावांवरून आडनावे पडली: किहीमचे केहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चेऊलचे चेऊलकर, राजपुरीचे राजपूरकर. ‘बूट पॉलिश’ चित्रपटातले जॉन चाचा म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, हे आज किती प्रेक्षकांना ठाऊक आहे? सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत ‘शाआर हाराहामीम’ हे सिनेगॉग बांधले. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८७५ साली शाळा काढली. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ १८४६ साली मराठीत छापली गेली होती. आणि १९३७-३८ या वर्षी, जर्मनीत ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेतले गेले होते तेव्हा, मुंबईचे महापौर होते डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर. मुंबईतला ई. मोझेस मार्ग त्यांच्याच नावाचा.

शोकाच्या रीतीही मराठी मातीत मिसळल्या. जेरुसलेमचे मंदिर दोनदा उद्ध्वस्त झाले, पहिल्यांदा बाबिलोनी फौजांकडून आणि दुसऱ्यांदा इसवी सन ७० मध्ये रोमनांकडून. त्या दोन्ही विध्वंसांच्या स्मरणार्थ जगभरचे ज्यू आव महिन्याच्या नवमीला कडक उपास करतात. कोकणातल्या बेने इस्राएलांनी त्या दिवसाला ‘बिरड्याचा’ म्हटले, कारण उपास सुटायचा तो मोड आलेल्या वालाच्या बिरड्याने. दोन हजार वर्षांपूर्वी हजारो मैलांवर पडलेल्या मंदिराचा शोक आणि रायगडच्या परसातले वाल एकाच पानावर येतात. कबरीच्या दगडांवर हिब्रूसोबत मराठी अक्षरे कोरलेली असतात. या समाजाने गेलेल्यांचे नाव आपल्या दोन्ही भाषांत लिहिले.

गेलेल्या माणसासाठी म्हटली जाणारी ‘कद्दिश’ ही प्रार्थना या पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल. अरामी भाषेतल्या या प्रार्थनेत मरणाचा उल्लेखही नाही. ईश्वराच्या नावाचा महिमा तेवढा आहे. आईवडिलांसाठी मुले ती अकरा महिने म्हणतात आणि पुढे दरवर्षी पुण्यतिथीला. पण कद्दिश एकट्याने म्हणता येत नाही. परंपरेने त्यासाठी दहा प्रौढ ज्यू पुरुष जमावे लागतात. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते; २००१ मध्ये ती संख्या पाच हजारांच्याही आत आली. अलिबागच्या इस्राएल आळीत, रेवदंड्याला, पेणला, पनवेलला सिनेगॉग उभी आहेत, पण दहा माणसे जमवणे अवघड होत जाते. एखाद्या समाजाची संख्या घटते म्हणजे काय होते, हे आकड्यापेक्षा या अडचणीतून जास्त कळते. बापासाठी म्हणायची प्रार्थना अडून राहते.

हे लोक इथून इस्राएलला गेले ते छळ झाला म्हणून गेले नाहीत. धर्माची ओढ, नवा देश, नातेवाईक, रोजगार अशा कारणांनी गेले. तिथे त्यांना वेगळीच परीक्षा द्यावी लागली. सुरुवातीच्या वर्षांत भेदभावाविरुद्ध धरणे धरून काही कुटुंबे १९५२ साली भारतात परतली. १९६० नंतर इस्राएलच्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या लग्नांआधी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. ज्यांनी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ पाळला, त्यांना ज्यूंच्याच देशात ‘तुम्ही खरे ज्यू का’ असे विचारले गेले. जेरुसलेममध्ये आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांना पूर्ण दर्जाचे ज्यू म्हणून मान्यता दिली. आज तिथे मराठी बोलणारी घरे आहेत आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघत आले आहे. इकडे महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

‘भारतात ज्यूंचा कधीच छळ झाला नाही’ हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो. ते बहुतांशी खरे आहे, आणि ज्यू बांधव स्वतःही ते कृतज्ञतेने सांगतात. पण त्या वाक्यावर थांबून चालत नाही. मुंबईत जन्मलेले कवी निस्सीम इझेकिएल यांनी आपल्या आत्मचरित्रपर कवितेत शाळेतला अनुभव नोंदवला आहे: ख्रिस्ताला तू मारलेस, असे त्यांना सोबतच्या मुलांनी ऐकवले होते. १९३९ साली नागपुरात प्रसिद्ध झालेल्या मा. स. गोळवलकरांच्या इंग्रजी पुस्तकात जर्मनीने ज्यूंना हाकलल्याचा दाखला वंशाभिमानाचा नमुना म्हणून दिला गेला. २००६ साली नवी मुंबईत खारघरला हिटलरच्या नावाने उपाहारगृह उघडले. ज्यू समाजाने विरोध केल्यावर नाव बदलले गेले. ‘माइन काम्फ’ची भाषांतरे आपल्याकडे व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडून विकली जातात. ती विकणाऱ्या आणि घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात ज्यूंविषयी द्वेष नसतो, माहितीच नसते. पण ज्या घरातली चार पिढ्यांची माणसे गॅसच्या कोठडीत गेली, त्या घरातल्या माणसाला आपले अज्ञान आणि दुसऱ्याचा द्वेष यांत फार फरक दिसत नाही.

ज्यूद्वेष म्हणजे काय, हे मराठी वाचकाला युरोपच्या इतिहासातूनच शिकावे लागेल असे नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी चाळीसच्या दशकात लिहिले की नाझींचा ज्यूद्वेष आणि हिंदूंचे अस्पृश्यांविरुद्धचे सनातनीपण यांत विचाराने आणि परिणामाने काही फरक नाही. गांधी आणि आंबेडकर यांचे ज्या थोड्या गोष्टींवर एकमत झाले, त्यांत ही तुलना आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या कुठल्याही गावात ती समजावून सांगावी लागत नाही. जन्माने माणूस कलंकित ठरतो, त्याचा स्पर्श किंवा रक्त विटाळ करते, त्याची वस्ती वेगळी हवी, आणि त्याच्या हालांना तोच जबाबदार आहे, ही ती विचारसरणी.

ज्यूद्वेषात मात्र आणखी एक गोष्ट आहे. त्यात ज्यूला खालचा मानतात आणि त्याच वेळी सगळ्या जगाचा छुपा मालकही मानतात. चौदाव्या शतकात प्लेग आला तेव्हा विहिरींत विष कालवल्याचा आळ ज्यूंवर घेऊन त्यांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. १९०३ साली रशियात छापलेला ज्यूंच्या जागतिक कटाचा ‘दस्तऐवज’ बनावट असल्याचे १९२१ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने दाखवून दिले, तरी तो आजही फिरतो. ख्रिस्तवधाचा ठपका सगळ्या ज्यूंवर ठेवता येणार नाही, हे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे म्हणायला १९६५ साल उजाडले. साथीचे खापर एका समाजावर फोडण्याची ही जुनी रीत आपणही २०२० मध्ये पाहिली. तबलिगी जमातच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द करताना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना बळीचे बकरे केले गेल्याचे म्हटले. विहिरीत विष कालवणारा कोण, हे ठरवण्याची पद्धत एकच असते. नाव तेवढे बदलते.

आसरा दिल्याचा आपला इतिहासही पूर्ण सांगायला हवा. हिटलरच्या काळात मुंबईत आलेल्या ज्यू निर्वासितांनी या शहराला खूप दिले. वॉल्टर कॉफमन यांनी आकाशवाणीची ओळखधून रचली. इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी प्रोग्रेसिव्ह चित्रकारांची चित्रे कुणी घेत नव्हते तेव्हा घेतली. पण युद्ध सुरू होताच जर्मनीहून जीव वाचवून आलेल्या अनेकांना ब्रिटिश सरकारने ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून अहमदनगरच्या छावणीत टाकले. काहींना पुरंदर आणि साताऱ्याला नजरेखाली ठेवले. तिकडे ज्यू म्हणून छळ झाला आणि इकडे जर्मन म्हणून कैद झाली.

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात ज्यूंवर ज्यू म्हणून सर्वांत भीषण हल्ला झाला तो २६ नोव्हेंबर २००८ रोजी. गांधींचा लेख ज्या दिवशी छापला गेला, त्याला त्या दिवशी सत्तर वर्षे पूर्ण झाली होती. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये रब्बी गाव्रिएल होल्त्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि चार पाहुणे यांना लष्कर-ए-तोयबाच्या दहशतवाद्यांनी ठार केले. दोन वर्षांच्या मोशेला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल त्याला उचलून बाहेर घेऊन आल्या. मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना आपल्या कबरस्तानात जागा द्यायला मुंबईच्या मुस्लिम विश्वस्तांनी नकार दिला. ज्या विश्वस्तांनी हा निर्णय घेतला, त्यांनी शोकाच्या घरी कसे जावे हे शहराला दाखवून दिले.

७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला आणि त्यानंतर गाझात झालेला हजारो माणसांचा संहार यांमुळे हा विषय आज अधिक जड झाला आहे. ठाण्यातल्या, पुण्यातल्या ज्यू शेजाऱ्याला लोक आता इस्राएलच्या सरकारचा जाब विचारतात, नाहीतर त्याच सरकारचे कौतुक करून त्याची पाठ थोपटतात. दोन्हींत त्या माणसाला स्वतःचा आवाज राहत नाही. इस्राएलच्या धोरणावर टीका करणे हा ज्यूद्वेष नव्हे; अनेक ज्यू ती टीका सर्वांत कठोरपणे करतात. पण त्या धोरणाबद्दल एखाद्या सिनेगॉगच्या दारावर राग काढणे हा ज्यूद्वेष आहे. आणि मुसलमानांवरचा राग म्हणून इस्राएलचा जयजयकार करणाऱ्याला ज्यूंच्या दुःखाशी काही देणेघेणे नसते. मृत पॅलेस्टिनी मुलाचा शोक केल्याने मृत ज्यू मुलाचा शोक कमी होत नाही. भायखळ्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारातल्या शाळेत आज बहुतेक मुले मुसलमान आहेत आणि तिथे शाळा रोज भरते. वाद घालायला निघालेल्याने हेही ध्यानात ठेवावे.

पुढच्या पानांत आधी कोकणातल्या समाजाची ओळख आहे, मग शोकाच्या रीती आणि प्रार्थना, मग १९३८-३९ ची पत्रे आणि त्यांचा अर्थ, आणि शेवटी आजच्या काळातला ज्यूद्वेष व त्याला तोंड देण्याचे मार्ग. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. माणसांची ओळख होण्याआधी त्यांच्यावरच्या अन्यायाची चर्चा सुरू झाली, की माणूस फक्त बळी म्हणून दिसू लागतो. बिरडे खाणारे, हग्गादा मराठीत वाचणारे, कबरीवर मराठी नाव कोरणारे हे लोक आधी शेजारी म्हणून भेटावेत आणि मगच त्यांच्या जखमेबद्दल बोलले जावे, अशी इच्छा आहे.

वाचकांकडे माझी मागणी साधी आहे. अलिबागला गेलात तर किनाऱ्याबरोबर इस्राएल आळीतले सिनेगॉगही परवानगी घेऊन पाहा. शाळेत इतिहास शिकवत असाल तर दुसऱ्या महायुद्धाच्या धड्याला नवगाव आणि शेगाव जोडा. हिटलरचे कौतुक कुणी तुमच्या बैठकीत केले, तर गप्प राहू नका. आणि एखाद्या ज्यू कुटुंबाच्या, किंवा कुठल्याही घायाळ समाजाच्या दाराशी जाल, तेव्हा सल्ला खिशात ठेवा, बसून घ्या आणि त्यांना आधी बोलू द्या.

सिंदी मेघे, वर्धा